हजेरीपट, मोजमाप आणि ग्रामसभा

सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचार हा केवळ काही व्यक्तींच्या नीतिमत्तेचा प्रश्न नाही. जेथे निर्णय एकाच्या हाती असतो, त्याची नोंदही तोच ठेवतो आणि ती नोंद इतर कोणाच्या दृष्टीस पडत नाही, तेथे प्रामाणिक माणसाची कसोटी लागते आणि अप्रामाणिकाला मोकळे रान मिळते. म्हणून भ्रष्टाचाराचा विचार करताना माणसाइतकाच कागदाचाही विचार करावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातील ग्रामीण जनतेला असा एक कागद गेल्या अर्धशतकापासून परिचित आहे. तो म्हणजे हजेरीपट.

दुष्काळातून आलेला कागद

१९७२-७३ च्या दुष्काळाची तीव्र झळ बसलेल्या जिल्ह्यांत तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचा समावेश होता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर लागू करण्यात आली. तिला कायद्याचे अधिष्ठान देणारा अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेच्या खर्चासाठी शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील कारकुनाने दिलेला पैसा पाझर तलावावर माती वाहणाऱ्या मजुराच्या हाती पोहोचला की नाही, हे सांगणारे कागद दोनच होते : हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका.

हजेरीपट कोण कामावर आले ते सांगतो. मोजमाप पुस्तिका किती काम झाले ते सांगते. अपहाराच्या वाटाही याच दोन कागदांतून जातात. कामावर न आलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, प्रसंगी मृतांचीही नावे हजेरीपटावर चढविणे ही पहिली वाट. खोदलेल्या मातीपेक्षा अधिक माती पुस्तिकेत दाखविणे, अथवा कमी दाखवून मजुराचा रोज बुडविणे ही दुसरी. दोन्हींत नुकसान होते ते ज्याला हा कागद वाचता येत नाही त्याचे.

शिक्षेची यंत्रणा आणि तिची मर्यादा

भ्रष्टाचाराला शासन करण्यासाठी महाराष्ट्राने लवकर पावले टाकली. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ मध्ये स्थापन झाला. लोकायुक्त व उप-लोकायुक्त अधिनियम १९७१ मध्ये संमत झाला आणि १९७२ मध्ये लोकायुक्तांचे प्रत्यक्ष कामकाज सुरू करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. लाचेची मागणी झाल्याची तक्रार आली की तिची पडताळणी होते, पंचांसमक्ष नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावली जाते आणि लाच स्वीकारणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविताच द्रावण गुलाबी होते. भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र नाइलाजाने लाच द्यावी लागली असल्यास व सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास त्याला संरक्षण मिळते.

ही यंत्रणा आवश्यक आहे. परंतु सापळा रचण्यासाठी तक्रारदार लागतो. बोगस हजेरीपटात तक्रारदारच नसतो. ज्याचे नाव लिहिले गेले त्याला ते माहीत नसते. ज्यांना माहीत असते त्यांचा त्यात वाटा असतो. हाँगकाँगमध्ये १९७४ साली भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग स्थापन झाला, तेव्हा त्याचे तीन विभाग करण्यात आले : तपास, कार्यपद्धतीतील दोष दूर करणे आणि लोकशिक्षण. केवळ पकडून भागत नाही, अशी त्यामागील जाणीव होती.

नावे मोठ्याने वाचली गेली तेव्हा

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगावी जनसुनावण्या घेतल्या. विकासकामांचे हजेरीपट व देयके गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली जाऊ लागली. ‘हा तर त्या दिवशी गावात नव्हता’, असे सांगणारी माणसे समोरच बसलेली असत. माहितीच्या हक्काची मागणी देशभर रुजली ती अशा प्रयत्नांतून. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाची पार्श्वभूमी असलेला माहितीचा अधिकार कायदा २००२ मध्ये आला. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याच वर्षी संमत झालेल्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने गावातील कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले. या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. कायदा कोणताही असो, हजेरी आणि मोजमाप यांची गरज टळत नाही.

यंत्रानेही ती टळत नाही. २०२३ पासून कामावरील हजेरी छायाचित्रासह भ्रमणध्वनीवर नोंदविणे बंधनकारक झाले. तथापि, छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र काढून ते पाठविण्याचे प्रकार केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने २०२५ मध्ये राज्यांच्या निदर्शनास आणले. छायाचित्रातील चेहरा कोणाचा, हे गावच ओळखू शकते.

ग्रामसभेला काय दिसते, काय दिसत नाही

ग्रामसभा हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय मात्र नव्हे. इंडोनेशियात सहाशेहून अधिक गावांतील रस्त्यांच्या कामांचा अभ्यास करण्यात आला. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला त्याचा निष्कर्ष उद्बोधक आहे. शासकीय तपासणी निश्चितपणे होणार, असे आधी जाहीर केलेल्या गावांत हिशेबात न सापडणारा खर्च सुमारे ८ टक्के बिंदूंनी घटला. गावकऱ्यांना मोठ्या संख्येने बैठकीस बोलावल्याने मजुरीतील गळती कमी झाली. खडी-वाळूसारख्या साहित्यातील गळतीवर मात्र फारसा परिणाम झाला नाही.

याचे कारण उघड आहे. आपली मजुरी बुडाली हे मजुराला लगेच कळते. रस्त्याखाली किती खडी पडली, हे त्याला दिसत नाही आणि त्यातील तोटा त्याच्या एकट्याचा नसतो. तेव्हा हजेरीपटाची राखण ग्रामसभेने करावी आणि साहित्याची मोजणी प्रशिक्षित तपासनीसाने करावी, ही विभागणी स्वाभाविक ठरते. एकाने दुसऱ्यावर विसंबून स्वस्थ बसू नये.

मोजणी वेळेवर न झाल्यास काय होते, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी मंदिरातील सिंहासन दानपेटीच्या १९९१ ते २००९ या काळातील लिलावांत गैरव्यवहार झाल्याचे आरोप झाले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने चौकशी केली. गुन्हा नोंदविण्याचे आदेश औरंगाबाद खंडपीठाने दिले ते २०२४ मध्ये. आरोपांचा निर्णय न्यायालयातच होईल. परंतु भाविकाने वाहिलेला दागिना असो की करदात्याने दिलेला रुपया, तो ज्या दिवशी येतो त्याच दिवशी सर्वांसमक्ष मोजला जावा, हा धडा त्यासाठी थांबण्याची गरज नाही. पंधरा-वीस वर्षांनी कागद शोधण्यापेक्षा पंधरा दिवसांनी तो वाचणे सोपे असते.

गावाने करावयाचे काम

यासाठी नवा खर्च लागत नाही. चालू कामाचा हजेरीपट ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे आणि ग्रामसभेत नावानिशी वाचून दाखविणे ही सरपंच व सदस्यांची जबाबदारी मानली जावी. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिलांच्या सभेतही तो वाचला जावा. कामावर स्त्रियांची संख्या मोठी असते आणि बोगस नाव त्यांच्या चटकन ध्यानात येते. अधिकाऱ्यांनी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अर्जाची वाट न पाहता नोंदी खुल्या कराव्यात. तपासणी टळणार नाही, हे काम सुरू होतानाच जाहीर करावे. वाचनात दोष उघडकीस आणणाऱ्या मजुराचे काम बंद पडणार नाही, याची हमीही त्यांनीच द्यावयाची आहे.

शिक्षकांचा वाटा कमी मोलाचा नाही. १० मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल चर खोदला तर किती माती निघेल, हे गणित सातवीचा विद्यार्थी सोडवू शकतो. उत्तर ३० घनमीटर. हेच गणित वहीऐवजी शिवारातील चराच्या काठावर सोडविले गेले, तर मोजमाप पुस्तिकेत लिहिलेला आकडा घराघरांत समजू लागेल.

भ्रष्टाचार अंधारात वाढतो असे म्हटले जाते. गावाच्या बाबतीत हा अंधार बहुधा न वाचलेल्या कागदाचा असतो. तो कागद ज्यांच्या नावाने लिहिला जातो, त्यांच्यासमोर तो वेळेवर वाचला जावा आणि त्यातील आकडा जमिनीवर मोजून पाहिला जावा, एवढी शिस्त अंगी बाणली तर सार्वजनिक पैशाची राखण हे गावाचे नित्याचे काम होईल.