गाय माजावर कां येत नाहीं ?

व्याल्यावर तीन-चार महिने लोटले तरी गाय माजावर आली नाहीं, म्हणजे पुढचें वेत लांबतें, दूध आटतें आणि भाकड जनावर पोसण्याचा खर्च मात्र चालूच राहतो. अशा वेळीं गाय वांझ झाली असें समजून ती विकून टाकण्याची घाई पुष्कळ ठिकाणीं होते. परंतु माजाचा हुकूम गर्भाशयांतून सुटत नसून मेंदूंतून सुटतो, हें शेतकरी बंधूंनीं प्रथम ध्यानांत घ्यावें.

हा कारभार हुजुरांतून तालुक्यास व तालुक्यांतून गांवास जाणाऱ्या हुकुमासारखाच आहे. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा भाग आहे. तेथून जीएनआरएच हें द्रव्य थोडथोड्या अंतरानें सुटतें व जवळच्या पिट्युटरी ग्रंथीस पोंचतें. ती ग्रंथि रक्तावाटे अंडाशयास निरोप धाडते. मग बीज पिकतें व गाय माज दाखविते. या द्रव्याची रचना शॅली यांनीं डुकरांच्या व गिलमँ यांनीं मेंढ्यांच्या मेंदूंपासून उलगडली. त्याबद्दल १९७७ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

परंतु हुजुरास सूचना कोण देतो ? तें काम किसपेप्टिन नांवाचें दुसरें द्रव्य करितें. त्याचें जनुक १९९६ सालीं अमेरिकेंतील हर्शी गांवीं कर्करोगाच्या अभ्यासांत सांपडलें, व तेथील प्रसिद्ध चॉकलेटावरून त्यास नांव पडलें. ज्या माणसांत हा निरोप घेणारी यंत्रणा जन्मतः बिघडलेली असते त्यांस तारुण्य येत नाहीं, असें २००३ सालीं दिसून आलें. ऋतु नसतांना मेंढ्यांच्या शिरेंत किसपेप्टिन सोडल्यास बहुतेकींचें बीज सुटतें, हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें.

आमच्या कामाची गोष्ट पुढेंच आहे. अंगावरील चरबींतून लेप्टिन नांवाचें द्रव्य निघतें, व तें शरीरांतील सांठ्याची वर्दी मेंदूस देतें. सांठा घटला कीं किसपेप्टिन मंदावतें आणि खालीं हुकूम जात नाहीं. बरगड्या दिसणारी, कोरड्या कडब्यावर दूध देणारी गाय माजावर येत नाहीं, तें बहुधा याच कारणानें.

किसपेप्टिन अद्याप पशुवैद्यांच्या नेहमींच्या औषधांत आलेलें नाहीं; जीएनआरएचचीं इंजेक्शनें मात्र मिळतात. तथापि उपाशी जनावरास नुसतें इंजेक्शन देणें म्हणजे तिजोरी रिकामी असतां खर्चाचा हुकूम काढणें होय. म्हणून व्याण्यापूर्वींच हिरवी वैरण, पेंड व खनिज मिश्रण सुरू करावें. माजाच्या तारखा लिहून ठेवाव्या. गर्भाशयाची तपासणी पशुवैद्याकडून करवावी. आणि मगच औषधाचा, व अगदीं शेवटीं विक्रीचा, विचार करावा.