पणजोबांची जन्मनोंद सापडत नाही

प्रश्न : पणजोबांचा जन्म 1908च्या सुमारास तासगावजवळच्या खेड्यात झाला. सातारा जिल्हा म्हणून साताऱ्यात चौकशी केली, ग्रामपंचायतीतही विचारलं. नोंद मिळत नाही. आता काय करावं?

उत्तर : तेव्हा तासगाव साताऱ्यातच होतं; 1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे साताऱ्याऐवजी तासगाव तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. मागायचा तो गाव नमुना 14, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते. ग्रामपंचायतीत इतकं जुनं क्वचितच असतं.

पणजोबांचं नाव मात्र त्यात शोधत बसू नका. बारसं व्हायच्या आधीच कोतवालाने वर्दी दिलेली असे, म्हणून बऱ्याचदा नुसतं बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ एवढंच दिसतं. आडनावही असेलच असं नाही. खापरपणजोबांच्या नावावर 1905 ते 1911 अशी सगळी पानं बघा. अक्षर मोडी असणार. जाणकार सोबत न्या, अंदाजाने वाचू नका. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल, तर पणजोबांच्या आजोळचं गावही तपासायला हवं.

पणजोबा शाळेत गेले असतील, तर जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. तिथली तारीख 1 जून निघाली तर हुरळून जाऊ नका. गुरुजींनी प्रवेशासाठी सोयीने लिहिलेली असू शकते. वर्षसुद्धा एखाददुसरं मागेपुढे धरा.