म्हाडाचे घर, मुखत्यारपत्र आणि दलाली

प्रश्न : सोडतीत मिळालेले म्हाडाचे घर ३ वर्षांतच मुखत्यारपत्रावर विकून देण्याची हमी दलाल देतो व २ टक्के दलाली आगाऊ मागतो. असा व्यवहार करावा का?

उत्तर : करू नये. सोडतीतील घर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षे विकता येत नाही, आणि ही मुदत टाळण्यासाठी करून घेतलेले मुखत्यारपत्र, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, मालकी हस्तांतरित करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे खरेदीदाराचे पैसे अडकतात आणि मूळ लाभार्थ्याचे वाटपही धोक्यात येते. आयुष्यभराची पुंजी अशा कागदावर लावणे अत्यंत घातक होय. मुदतीनंतरही म्हाडाच्या मिळकत व्यवस्थापकांकडून हस्तांतरणाची परवानगी घेऊन मगच विक्रीकरार नोंदवावा.

घर भाड्याने देण्यापूर्वीही म्हाडाची परवानगी घ्यावी. त्यासाठीचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती वापराची अनुमती, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते आणि ती टाळल्यास, विरुद्ध पुरावा नसेल तर, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

दलालीचा दर महाराष्ट्रात कायद्याने ठरलेला नाही. भाड्यासाठी १ महिन्याचे भाडे आणि विक्रीसाठी १ ते २ टक्के हा केवळ प्रघात असल्याने दर आधी लेखी ठरवावा, दलालाचा महारेरा नोंदणी क्रमांक तपासावा आणि रक्कम करार नोंदल्यावरच पावती घेऊन द्यावी.