वैशाखातील अंडी-उत्पादन आणि खाद्याचा हिशेब

चैत्र सरून वैशाखाचा अंमल सुरू झाला, की विदर्भ, खानदेश आणि मराठवाडा येथील कुक्कुटपालकांना प्रथम चिंता वाटते ती मरतुकीची, आणि ती अवाजवी नाही. परंतु मेलेली कोंबडी तत्काळ नजरेस पडते. जिवंत कोंबडीने आखडता घेतलेला हात मात्र दफ्तर उघडल्यावाचून कळत नाही, आणि उन्हाळ्यातील नुकसान बहुतांशी याच वाटेने होत असते.

समजा, हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये दररोज 110 किलो खाद्य लागून 900 अंडी मिळत होती, म्हणजे अंड्यामागे सुमारे 122 ग्रॅम खाद्य पडत होते. उन्हामुळे खाद्य 98 किलोंवर आणि अंडी 750 वर आली, तर खाद्याची बचत झाल्याचे समाधान व्यर्थ होय. कारण अंड्यामागे आता 131 ग्रॅम खर्ची पडत आहे. उत्पादनखर्चाचा सर्वांत मोठा हिस्सा खाद्याचाच असल्यामुळे हा एक आकडा रोज सायंकाळी वहीत मांडण्याचा शिरस्ता प्रत्येकाने ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कोंबडीला घर्मग्रंथी नसल्याने ती चोच उघडून, धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर घालविते. या धापांबरोबर कर्बवायू प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताच्या आम्लतेचे संतुलन बिघडते, कवचासाठी उपयोगी पडणारे कॅल्शियम कमी होते, आणि त्यातच खाणेही घटलेले असल्याने अंडी पातळ कवचाची येऊन ट्रेमध्येच तडकू लागतात. यास्तव शिंपल्याची वा चुनखडीची भरड सायंकाळच्या खाद्यात द्यावी. पूड पुरेशी नव्हे, कारण कवच मुख्यतः रात्री घडते आणि भरड खडा पेषणीत सावकाश विरघळत रात्रभर पुरवठा करीत राहतो.

अन्नपचनातूनही उष्णता उत्पन्न होते व ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. सकाळी दहाला भरपेट खाल्लेला पक्षी भर दुपारी आतून आणि बाहेरून असा दुहेरी तापतो. म्हणून खाद्य पहाटे व ऊन कलल्यावर द्यावे, मात्र उजेडाचे सोळा तास कमी करू नयेत.

सर्वांत अधिक हयगय होते ती पाण्याबाबत. एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी पिणारी कोंबडी कडक उन्हात चौपटीपर्यंत जाते, आणि नेमक्या त्याच वेळी पत्र्यावरील उघडी टाकी व नळ्या तापून निपलमधून येणारे पाणी तिला नकोसे होते. टाकीवर सावली करावी, तिला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे, दुपारी नळ्यांतील तापलेले पाणी सोडून द्यावे आणि वीज गेल्यास पाणी चढविण्याची पर्यायी तजवीज आधीच करून ठेवावी. छताला चुना लावणे, बाजूंना ओली गोणपाटे सोडणे हे उपाय सर्वज्ञात आहेत. फॉगर मात्र कोरड्या हवेतच गुणकारी ठरतो, कोकणातील दमट हवेत त्याने धाप वाढते, तेथे पंख्यांवरच भिस्त ठेवावी. लसीकरण व पक्ष्यांची हाताळणी थंड वेळीच उरकावी.

कुक्कुटपालक बंधुभगिनींनी आज दुपारी दोन वाजता शेडच्या अगदी शेवटच्या निपलखाली हात धरून पाहावा आणि पाणी कोमट लागल्यास इतर सर्व कामे बाजूस ठेवून प्रथम टाकीचा बंदोबस्त करावा.