संकटाआधीचे तीस रुपये

मावळात सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 5वी बटालियन आहे. याच तालुक्यात 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला. दलाचे जवान धावून गेले. अनेकांना बाहेर काढण्यात आले. तरीही चौघांचे प्राण गेले. पूल धोक्याचा असल्याचे आधीच ठाऊक होते. मग उणीव कशाची? संकटानंतरच्या नव्हे, संकटाआधीच्या कामाची.

या दोन कामांचा हिशेब पाहू या. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील दर 100 रुपयांपैकी 40 मदतकार्याला, 30 पुनर्बांधणीला, 10 पूर्वतयारीला आणि 20 धोका कमी करण्याला ठरवून दिले. म्हणजे आधीच्या कामाला 30च रुपये!

संकट न आलेल्या वर्षी हा खर्च वायफळ वाटतो. पण दोर झिजतात, होड्यांची इंजिने गंजतात, जवान बदलतात, पूल जुने होतात. म्हणूनच सरकारने हा निधी दरवर्षी अखंड द्यावा, असा आपत्ती व्यवस्थापनातील जाणकारांचा आग्रह असतो.

तुमच्या गावच्या ओढ्यावरचा पूल शेवटचा कधी तपासला गेला? ग्रामपंचायतीत जाऊन विचारा बरे!