आधी अंगठा, मग पाना

ड्रायव्हर उतरला की आधी चहा सांग. पाहुणचार म्हणून नाही रे. चहा येईस्तोवर तो गाडीचं सगळं रडगाणं गातो आणि निम्मा आजार तिथंच कळतो. देवगाव फाट्यावर थांबणारा प्रत्येक जण घाईत असतो. कुणाला सेलूच्या जिनिंगवर नंबर लावायचाय, कुणाला जिंतूर गाठायचंय, कुणाला मंठ्यावरून जालना. "मिस्तरी, ब्रेक लागंना," एवढंच म्हणतो आणि बोनेटकडं बोट दाखवतो. तू लगेच पाना उचलू नकोस. एकच विचार: पाय ठेवला की पॅडल दगड होतंय, का पाय खाली जातोय?

दगड होत असेल तर आधी जोर देणारी बाजू बघायची. म्हणजे बूस्टर, त्याचा पाइप, नाहीतर व्हॅक्युम पंप. पाय खाली जात असेल, दोन-तीनदा पंप मारल्यावरच ब्रेक लागत असेल, तर बूस्टरचा नाद सोड. ऑइल कुठं गळतंय, हवा कुठं शिरलीय, मास्टर सिलिंडरचे वॉशर गेलेत का, लायनर किती उरलंय, ते बघ. या दोन आजारांची गल्लत करूनच लोक नवे बूस्टर भंगारात घालतात. गल्लत वेगळी, पण चांगला बूस्टर मीही बदललाय, ते पुढं सांगतो.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा, मधे रबराचा पडदा. दोन्ही बाजूंची हवा पंपानं ओढून घेतलेली असते. पाय ठेवला की पॅडलच्या बाजूनं बाहेरची हवा आत शिरते, पुढं पोकळीच असते, आणि ती हवाच पडद्याला पुढं रेटते. पंचवीस सेंटिमीटर रुंदीचा डबा धर. चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या जरा आत दाबाचा फरक मिळाला, तरी साडेतीनशे किलोच्या आसपास रेटा बसतो. एवढा जोर तुझ्या पायात नाही, माझ्या तर नव्हताच कधी. पेट्रोलच्या गाडीत ही पोकळी इंजिनच तयार करतं. डिझेलच्या इंजिनात हवा अडवणारी तशी झडप नसते, म्हणून वेगळा पंप लागतो. टाटांची ४०७ आली १९८६ साली, तेव्हा कंपनीचं नाव टेल्को होतं. त्या जुन्या गाड्यांत हा पंप आल्टरनेटरच्या पाठीला असतो. म्हणून चार्जिंगचा दिवा पेटला आणि ब्रेकही कडक झाला, असं ड्रायव्हर म्हणाला, तर दोन आजार शोधत बसू नको. पट्टा बघ, सैल असेल नाहीतर तुटला असेल.

आता पायाची परीक्षा. चाकांना दगड लाव, हे मला दर वेळी सांगायला लावू नकोस. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा मार, साठलेली पोकळी संपते. मग पाय दाबून धर आणि सेल मार. इंजिन लागताच पॅडल पायाखाली जरासं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं, तर मदत येतच नाही. सरकलं, तर मिनिटभर इंजिन चालू दे, बंद कर, थोडं थांब आणि परत ब्रेक मार. पहिला खोल, पुढचे वरवर आणि कडक, असं झालं की पोकळी टिकतेय. पहिलाच कडक लागला, तर वन-वे व्हॉल्व्ह, पाइप नाहीतर पडदा, यातलं एक फुटकं आहे. पॅडल दाबताना एकदा फुस्स झालं तर घाबरू नको. पण धरून ठेवल्यावरही फुसफुस चालूच राहिली, तर बूस्टर उघडावा लागणार.

मग अंगठा. बूस्टरवरचा पाइप काढ, इंजिन चालू ठेवून त्याच्या तोंडावर अंगठा ठेव. तो चिकटून बसला पाहिजे, काढताना टप् वाजलं पाहिजे.

ही अक्कल मला फुकट आली नाही. कापसाच्या दिवसांत एक जुनी गाडी यायची, केबिनच्या वर दोन पुरुष माल भरलेला. सकाळी ब्रेक लोण्यासारखा, दुपारी दगड. मी ऐटीत नवा बूस्टर टाकला, मालकानं मुकाट्यानं पैसे मोजले. तिसऱ्या दिवशी गाडी परत दारात. अंगठा लावला, तर चांगला चिकटला! पण इंजिन गार होतं. तासभर तापू दिलं आणि पुन्हा लावला, तर अंगठ्याला काहीच लागेना. तेव्हा मधल्या हातभर पाइपाकडं नजर गेली. कुणीतरी पाण्याच्या नळीचा तुकडा जोडला होता, दिसायला नवाकोरा. तापला की मऊ पडायचा आणि आतल्या ओढीनं रिकाम्या दुधाच्या पिशवीसारखा चिपटायचा. गार झाला की पुन्हा गोल. ती नळी आतून बाहेर ढकलणारा दाब सोसते, पोकळीची ओढ नाही सोसत. जाड व्हॅक्युम पाइप टाकला, गाडी निघाली. जुना बूस्टर मालकाच्या हातात देताना मान वर करवेना. खरा पाइपही जुना झाला की आतून पदर सोडतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून अंगठा गरम गाडीवर.

पाइप काढल्यावर आत काळं ऑइल दिसलं, तर पंप इंजिनचं ऑइल बूस्टरकडं फेकतोय. त्या ऑइलनं पडदा फुगतो. तेव्हा नुसता बूस्टर बदलून गाडी पाठवू नकोस.

ब्रेक ऑइल कमी होतंय पण कुठं थेंब दिसत नाही, असंही सांगत येतात. मास्टर सिलिंडरचे नट सोड, जरा पुढं ओढ, बूस्टरच्या तोंडात बोट फिरव. ओलं लागलं, तर ऑइल आतल्या आत जातंय. आणि डबा उघडा ठेवू नकोस, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. कोरं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलं की १४० वरही उकळू शकतं. येलदरीकडं उतरताना ड्रम तापले की त्याची वाफ होते आणि पॅडल तळाला टेकतं. ब्रेकचं रबर डिझेलनं नाहीतर रॉकेलनं धुशील तर ते फुगेल, ब्रेक लागेल पण सुटणार नाही. जाम चाक आलं तर हवा काढायचा नट उघड. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकलाय. नाही झालं, तर स्प्रिंग आणि लायनर बघ. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून जवळ यायचं.

हवेच्या ब्रेकचे मोठे ट्रक वेगळे. त्यांच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायला सांग.

काहीच सापडलं नाही, तर शेवटी ड्रायव्हरला विचार: उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करतोस का? आढेवेढे घेईल. मग त्याला तिथंच सीटवर बसव, इंजिन बंद करून ब्रेक मारायला लाव. पहिला लागेल, दुसरा लागेल. चौथ्याला तो खिडकीतून तुझ्याकडं बघेल. त्याच्याकडून फक्त चहाचे पैसे घे.