सीटी स्कॅनचे गुण आणि बोटावरचा आकडा

मये-डिचोली भागातील वाचकांना 2021 सालचे एप्रिल-मे महिने आठवत असतील. कोविडच्या रोग्याची चौकशी करताना "ताप उतरला का?" याआधी "स्कोअर किती?" असे विचारले जाई. हा स्कोअर कसा काढतात ते पाहू.

आपल्या उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन, असे पाच खंड असतात. सीटी यंत्र क्ष-किरणांनी छातीचे पातळ काप केल्यासारखी चित्रे काढते. निरोगी फुप्फुस हवेने भरलेले, म्हणून काळे दिसते. विषाणूने सुजलेला भाग दुधी काचेसारखा धूसर दिसतो. खंडाचा पाच टक्क्यांहून कमी भाग बिघडला तर एक गुण, तीन-चतुर्थांशाहून अधिक बिघडला तर पाच. एकूण गुण पंचवीस, आणि शाळेच्या उलट येथे जास्त गुण वाईट. काही ठिकाणी चाळीसपैकी गुण देतात. तेव्हा "बारा" ऐकून घाबरण्यापूर्वी कितीपैकी ते विचारावे.

त्याहून महत्त्वाचे, आजाराचा दिवस कितवा? भातावरचा करपा पहिल्या दिवशी बांधावरून दिसत नाही. तसेच दुसऱ्या दिवशीचे स्कॅन स्वच्छ येऊ शकते. कोविडमध्ये डाग साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त पसरतात. लवकर काढलेल्या स्कॅनवर विसंबून माणूस दम लागेपर्यंत घरी बसतो, हा आम्हांला मोठा धोका वाटतो. शिवाय फ्लूचा न्यूमोनियाही चित्रात बराचसा असाच दिसतो.

मे 2021 मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी काढू नये असे बजावले. एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, हा त्यांचा हिशेब क्ष-किरण तज्ज्ञांच्या संघटनेने जुना ठरवला. सल्ला मात्र योग्यच होता. साध्या तापासाठी बांबोळीपर्यंत गाडीभाडे मोडण्यात काय हशील?

त्याऐवजी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात असावा. हाताचा चिखल धुऊन, बोट गार असल्यास चोळून गरम करून आकडा पाहावा. मग घरातच सपाट जागी सहा मिनिटे चालावे, साठीपुढच्यांनी तीनच. दमेकऱ्यांनी व हृदयविकार असलेल्यांनी ही चाचणी करू नये. आकडा 93 च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त घसरला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. तेथे डॉक्टरांनी सीटी सांगितल्यास अवश्य काढावे. गरोदर बाईने मात्र यंत्रावर जाण्याआधी तसे सांगावे.

बरे झाल्यावरही डाग विरायला कित्येक आठवडे लागतात. ते गेले की नाही एवढेच पाहण्यासाठी पुन्हा सीटी काढू नये.